सावकाशरावांनी वाचलेल्या दोन कविता

आमच्या शाळेचे वर्ग दिवसा लहान मुलांचे आणि संध्याकाळी साडेसहापासून मोठ्यांचे. नोकरी सांभाळून बारावीला बसणारी ही मंडळी गुडघे छोट्या बाकांत कशीबशी कोंबून बसतात आणि मी त्यांना भाषा आणि साहित्य शिकवते. वर्ग सुटला की सगळे "येतो बाई", "येते बाई" करत निघतात. एक गृहस्थ तेवढे वही काखेत मारायचे, मान जराशी झुकवायचे आणि "चला" म्हणून चालू लागायचे. पहिल्या आठवड्यात मला तो आगाऊपणा वाटला. मला जे वाटतं ते मनात ठेवायची सवय मला नाही, म्हणून मी विचारलंच.

"बाई, मी शववाहिनी चालवतो," ते म्हणाले. "कुणाच्या दारातून निघताना मी 'येतो' म्हटलं, तर घरच्यांच्या पोटात गोळा येतो. तेवीस वर्षांत तो शब्द तोंडातूनच गेला."

वर्गाने त्यांचं नाव सावकाशराव ठेवलं होतं. नगरपालिकेच्या सहा शववाहिन्यांपैकी जिला सायकलवालेही मागे टाकून जायचे, ती यांची. चालणं सावकाश, बोलणं सावकाश, लिहिणं तर इतकं सावकाश की मी फळा पुसायला घेतला की अख्खा वर्ग ओरडायचा, "बाई, थांबा, रावांचं व्हायचंय." त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. वय चौपन्न, अंगाने दणकट, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. बायको गणवेश शिवायची आणि उरलेल्या खाकी कापडाच्या पिशव्या करायची, त्यातलीच एक त्यांच्या खांद्याला असायची.

या वयात बारावी कशासाठी, हे मी विचारलं नव्हतं. ते त्यांनी आपणहून सांगितलं, तेही दुसऱ्या वर्षी, पहिल्यांदा नापास झाल्यावर. वाहनखात्यात नवीन चालकांना शिकवायला प्रशिक्षकाची जागा निघणार होती आणि अट होती बारावी पास. तोवर नव्यांना जे शिकवलं जायचं ते म्हणजे डिझेल कसं मोजायचं आणि कागद कसे भरायचे. एकदा दोन नवे चालक एका बाईंच्या नवऱ्याला खाली आणत होते. जिन्याच्या वळणावर त्यांनी स्ट्रेचर भिंतीला आपटलं, मग तिरकं केलं, आणि बाई वरून बघत होत्या. सावकाशराव दुसऱ्या गाडीवर होते, धावत गेले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"गाडी चालवायला कुणीही शिकवील, बाई," ते म्हणाले. "जिना कोण शिकवणार? मला ती जागा पाहिजे."

परीक्षेला एकूण तीन संधी मिळायच्या. बाकीचे सगळे विषय त्यांनी पहिल्याच झटक्यात काढले होते, गणितात तर वर्गात दुसरे. अडले ते माझ्याच विषयात, आणि त्यातही एकाच प्रश्नावर. आमच्या पुस्तकात मृत्यूवरच्या दोन कविता समोरासमोरच्या पानांवर आहेत, आणि वीस गुणांचा प्रश्न ठरलेला असतो: दोन्ही कवितांतील मृत्यूकडे पाहण्याची व निरोप घेण्याची रीत यांची तुलना करा.

पहिल्या कवितेचं नाव 'ऐक'. मुलगी वडिलांच्या उशाशी बसून तीस ओळी बोलते. लहानपणी पोहायला शिकवताना त्यांनी हात सोडला होता त्याचा राग, नंतर तिने तोडलेलं बोलणं, मागितलेली माफी, सगळं त्यात येतं. शेवटची ओळ आहे, 'आता सांगण्यासारखं काही उरलं नाही. तरी थोडं थांब.' ही शिकवताना माझा आवाज हमखास भरून येतो आणि वर्गातल्या दोन-चार जणी डोळे टिपतात.

दुसरीचं नाव 'जिना'. ती जेमतेम दहा ओळींची. 'सतरा पायऱ्या. वळणावरची रुंद. कठडा डाव्या हाताला. दाराची दोन्ही कवाडं उघडी. चपलांची फळी बाजूला.' असं चालत चालत शेवटी येतं, 'चौथी पायरी हलते. तिथे जपून.' बस. वडील वारले, एवढं शीर्षकाखालच्या बारीक अक्षरांतून कळतं. एकदाही रडणं नाही, एकदाही 'बाबा' नाही.

बाजारातल्या गाईडमध्ये याचं तयार उत्तर होतं. पहिली कविता भावनेने ओथंबलेली, दुसरी भावनाशून्य. पायऱ्यांची यांत्रिक मोजणी म्हणजे आजच्या माणसाचं कोरडं मन. अकरा वर्षं मी हेच शिकवत होते. खरं सांगायचं तर मला 'जिना' आवडतच नव्हती आणि गाईडने माझी नावड शहाण्या शब्दांत मांडून दिली होती, म्हणून मला ते गाईड पटत होतं.

पहिल्या वर्षी सावकाशरावांनी त्या प्रश्नाला कोरं पान सोडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी उत्तर लिहिलं आणि ते उत्तर आमच्या शाळेत गाजलं. शववाहिनीच्या प्रत्येक फेरीनंतर चालकाला एक फेरीपत्रक भरावं लागतं: मजला कितवा, जिना कसा, उचलायला किती माणसं, अडथळा कोणता, थांबावं किती लागलं. उत्तराची काहीच वाट सापडेना तेव्हा सावकाशरावांनी जी वाट पायाखालची होती ती धरली. दोन्ही कवितांची त्यांनी फेरीपत्रकं भरली.

नापास झालेल्यांच्या उत्तरपत्रिका शाळेकडे परत येतात. मी रावांची शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवली. 'कविता एक. मजला: लिहिलेला नाही. जिना: लिहिलेला नाही. बोलणारे: एक. उचलणारे: कोणी नाही. थांबावं लागेल: बराच वेळ. कविता दोन. मजला: पहिला. जिना: अरुंद, एक वळण. बोलणारे: कोणी नाही. उचलणारे: कमीत कमी चार. अडथळा: चौथी पायरी. थांबावं लागेल: नाही, सर्व तयारी झालेली आहे.' समासात तपासणाऱ्याने लाल शाईने मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि खाली शून्य. आम्ही पोट धरून हसलो. मी सगळ्यांत जास्त हसले. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

तिसरी संधी शेवटची. त्याच जूनमध्ये प्रशिक्षकाच्या जागेचे अर्ज भरायचे होते. म्हणजे या खेपेला गेले तर बारावीही गेली आणि जागाही. मी त्यांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "राव, तुमचं डोकं तुमच्यापाशी ठेवा. पान सत्तेचाळीसवर जे छापलंय ते पाठ करा आणि उतरवा."

त्यांनी मान डोलावली. त्यांच्या घरी मी एकदा गेले होते तेव्हा बायको शिवणाच्या मशीनवर बसून एका हाताने कापड सरकवत होती, दुसऱ्या हातात गाईड. "म्हणा पुढे," ती म्हणाली. 'भावनाशून्यतेचे' या शब्दावर राव अडले. "बघा बाई, लोकांचा पोपट घडाघडा बोलतो. आमचा सावकाश आहे, पण पाठ करील." राव हसले नाहीत. त्यांनी तो शब्द तीनदा म्हटला आणि तिन्ही वेळा तो कडू औषधासारखा गिळला.

लेखी परीक्षा झाली. गाईडबरहुकूम लिहिलं आणि ऐंशीपैकी एकोणचाळीस मिळाले, लेखीत पास. राहिली वीस गुणांची तोंडी. तीत वेगळं पास व्हावं लागतं, आठ गुण तरी हवेत. तोंडी घ्यायला बाहेरून एक परीक्षक येतात आणि शेजारी मी बसते, पण गुण त्यांचे, मी फक्त पाण्याचा पेला पुढे करायचा. त्या वर्षी येणाऱ्यांचं नाव कळलं आणि मला वाटलं, हे तर सोन्याहून पिवळं. ज्यांनी ते गाईड लिहिलं होतं तेच गृहस्थ येत होते. म्हणजे त्यांचीच वाक्यं त्यांना ऐकवायची होती. कुठल्या लेखकाला ते नको असतं?

तरी ते नापास करण्यात प्रसिद्ध होते. सकाळपासून त्यांनी चौघांना तीन-तीन मिनिटांत बाहेर काढलं. एका बिचाऱ्या परिचारिकेला तर कवितेचं नावही पुरं घेऊ दिलं नाही. पाचवे सावकाशराव. दार हळू उघडलं, हळू लावलं, खुर्ची न वाजवता ओढली.

"दोन्ही कवितांची तुलना करा," परीक्षक कागदावरून नजर न उचलता म्हणाले.

राव बोलू लागले. भावनेने ओथंबलेली, भावनाशून्य, यांत्रिक, कोरडं मन. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मी टेबलाखाली बोटं मोजत होते, आठ गुण झाले, नऊ झाले, आता यांनी गप्प बसावं. परीक्षकांचा चेहराही निवळला होता. त्यांनी पेन उचललं आणि उगाच, जाता जाता विचारावं तसं विचारलं, "म्हणजे या मुलाला वडील गेल्याचं काहीच वाटत नाही, असं तुम्हाला वाटतं?"

फक्त 'हो' म्हणायचं होतं. मी रावांकडे बघून मान हलवूनही दाखवली. ते थांबले. त्यांच्या त्या थांबण्यात एरवी माझा अर्धा तास जातो, त्या दिवशी जीव जायची वेळ आली.

"नाही साहेब," ते म्हणाले. "असं मला नाही वाटत. असं गाईडला वाटतं."

मी डोळे मिटून घेतले. गेली बारावी, गेली जागा, आणि वर माझी शोभा.

"तुम्हाला काय वाटतं मग?" परीक्षकांच्या आवाजाला धार आली होती. "सतरा पायऱ्या कशाला मोजत बसलाय तो?"

"उचलायचंय त्याला."

"कुणाला?"

"वडिलांना, साहेब. ज्याला उचलायचं नसतं तो पायऱ्या मोजत नाही. मी तेवीस वर्षं बघतोय. घरात चाळीस माणसं असतात. त्यातला एक जण कुठे दिसत नाही. तो जिन्यात असतो. एकदा खाली जाऊन येतो, कठडा हलवून बघतो, चपला बाजूला करतो. लोक म्हणतात, बघा, बाप गेला आणि याला चपलांची पडलीय. पण रोज दाराचं एक कवाड पुरतं साहेब. दोन्ही उघडावी लागतात ती कपाट न्यायला, नाहीतर माणूस न्यायला. ती कवाडं त्याने स्वतः उघडलीत. कडी काढताना काय झालं असेल, ते त्याने लिहिलं नाही एवढंच."

परीक्षकांनी पुस्तक ओढून 'जिना'चं पान काढलं. ते बराच वेळ वाचत राहिले. दहा ओळींना इतका वेळ लागत नाही.

"आणि हे शेवटचं," ते म्हणाले, "'तिथे जपून'. हे कुणाला उद्देशून आहे? उचलणाऱ्यांना?"

"उचलणाऱ्यांना तर आहेच. पडले तर चौघं पडतील. पण साहेब, जिन्यात आलं की प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं, सांभाळून, त्यांना लागेल. डॉक्टरांचा कागद खिशात असतो, सगळ्यांना माहीत असतं की आता लागायचं काही राहिलं नाही. तरी म्हणतात. एका न्यायाधीशांच्या मुलाला म्हणताना मी ऐकलंय, एका हमालाच्या मुलाला ऐकलंय. तेवीस वर्षांत असं एक घर नाही बघितलं जिथे कुणी म्हणालं नाही. ह्या मुलाने तेच म्हटलंय. त्याचा निरोप तेवढाच आहे. त्याला कोरडा म्हणू नये."

ज्या कवितेवर मी अकरा वर्षं नाक मुरडलं होतं तिच्या शेवटच्या ओळीवर माझे डोळे भरून आले.

परीक्षक मात्र सहजासहजी हार मानणाऱ्यांतले नव्हते. "मग पहिली कविता खोटी ठरली," ते म्हणाले. "तीस ओळी बोलते आणि हात लावत नाही. तुमच्या हिशेबाने नुसती बडबड."

तो सापळा होता हे मला कळलं. रावांनी 'हो' म्हटलं असतं तर एका चुकीच्या उत्तराच्या जागी दुसरं चुकीचं उत्तर येऊन बसलं असतं.

"नाही साहेब. मलाही आधी तसंच वाटायचं. गेल्या वर्षी एका घरी गेलो. म्हातारा गेला होता आणि त्याची बायको चाकांच्या खुर्चीत. जिना तिच्यासाठी नव्हताच, ती दारापर्यंतसुद्धा आली नसती. ती त्याच्याशी बोलत बसली. लग्नातल्या भांडणापासून सुरुवात केली. मुलगे मला म्हणाले, चला, उचला, हिचं संपायचं नाही. मी खाली जाऊन गाडी बंद केली आणि जिन्यात बसून राहिलो. चाळीस मिनिटं बोलली. मग स्वतःच म्हणाली, न्या आता." त्यांनी पुस्तकाच्या डाव्या पानावर बोट ठेवलं. "ज्याच्या हातात उचलायचं बळ नाही त्याच्यापाशी बोलणंच असतं. ही कविता त्या माणसांची. मुलगी म्हणते ना, थोडं थांब. तिथे आपण थांबायचं असतं. दोन कविता वेगळ्या नाहीत साहेब, एकाच घरातल्या दोन माणसांच्या आहेत. एक खोलीत बसलंय, एक जिन्यात उभं आहे. दोघांनाही वाटतं की दुसऱ्याला काही वाटत नाही. पुस्तकात समोरासमोर छापल्यात, हे बरं केलंय."

एवढं सलग बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कपाळावरचा घाम पुसून ते म्हणाले, "नापास करायचं असेल तर करा. पण गाईडमधलं ते वाक्य माझ्या नावावर घालू नका. लेखीत लिहिलं ते लिहिलं. त्यानंतर दोन घरी गेलो, दोन्हीकडे जिन्यातल्या मुलाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही."

परीक्षकांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. दार लागल्यावर ते माझ्याकडे वळले. "हे तुम्ही शिकवलंत?"

मोह झाला, नाही कशाला म्हणू. शाळेची कीर्ती, माझी कीर्ती, एका शब्दाचं काम होतं. पण त्या माणसाने नुकतंच जे केलं होतं त्यानंतर माझी जीभ वळेना. "नाही," मी म्हटलं. "मी तुमचं पान सत्तेचाळीस शिकवलं. गेल्या वर्षी त्यांनी हेच फेरीपत्रकाच्या भाषेत लिहिलं होतं. त्याला शून्य मिळालं, आणि मी हसले होते."

त्यांनी गुणपत्रकावर आकडा लिहिला, कागद माझ्याकडे फिरवला आणि पाण्याचा पेला स्वतःच उचलून घेतला. वीसपैकी एकोणीस. त्यांच्या हातून इतके गुण सुटल्याचं आमच्या भागात कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"एक कशाचा कापलात?" मी विचारलं. माझा स्वभाव जाणार कुठे.

"लेखीत गाईड उतरवल्याचा," ते म्हणाले. "जूनमध्ये नवी आवृत्ती निघते आहे. ते पान मला पुन्हा लिहायचं आहे. त्यांना विचारा, तासभर वेळ देतील का मला."

मी बाहेर आले तेव्हा राव बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांची बायको मशीन सोडून शाळेत येऊन उभी होती. मी आकडा सांगितला. तिने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाठ केलेलं सगळं म्हटलंत ना नीट?" राव म्हणाले, "म्हटलं. मग परत घेतलं." तिला ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर ती त्या परिचारिकेच्या गळ्यात पडून रडली, कारण नवऱ्याच्या गळ्यात सगळ्यांदेखत पडायची तिला लाज वाटत होती.

जूनमध्ये अर्ज गेला, ऑगस्टमध्ये हुकूम आला. सहाही गाड्यांच्या चालकांनी त्यांना उचलून आवारात फिरवलं, आणि सगळ्यांत पुढचा ओरडत होता, "सावकाश, सावकाश, साहेबांना लागेल." कुणाच्याही चेष्टेला न हसणारा तो माणूस त्या दिवशी हसला म्हणे.

सप्टेंबरमध्ये ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. गणवेशाच्या खिशाला नवीन पट्टी होती. "बाई, जिना मी शिकवतोय. तो येतो मला. पण माझी पोरं घाई फार करतात. घरचे बोलत असतात आणि हे दारात चुळबुळ करतात. ती पहिली कविता, उशाशी बसलेल्या मुलीची, ती मला नीट वाचता येत नाही. तुम्ही येऊन शिकवाल?"

मी गेले. वाहनखात्याच्या गॅरेजमध्ये, तेलाच्या वासात, नऊ चालक जुन्या टायरांवर बसले होते. राव सगळ्यांत मागे, हाताची घडी घालून. मला वर्गात कधी भीती वाटली नाही, तिथे वाटली. मी पुस्तक उघडलं आणि आवाज भरून येऊ न देता, साध्या आवाजात तीस ओळी वाचल्या. शेवटची ओळ वाचून थांबले. मग पहिल्या टायरावरचा आडदांड चालक, जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर आपटणाऱ्या त्या दोघांतला एक, खाली जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, ती बोलते ते पहिल्यापासून परत वाचता का? आम्ही थांबतो."